फक्त बाहेरून लावण्यासाठी

केमिस्टकाकांचा दारूशी संबंध जखमा पुसण्यापुरता होता. स्पिरिटचा बोळा हातात घेतला की जो काय वास नाकात जाई, तेवढंच त्यांचं व्यसन. असं असताना त्यांच्या साडूंनी भर दुपारी मेडिकलच्या काउंटरवर, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट बाटली ठेवली, "फ्रेंच आहे. रेड वाइन. चांगली जुनी. रविवारी आम्ही जेवायला येतोय, तेव्हा मिळून उघडू," असं म्हटलं, आणि काकांच्या तोंडून "किती जुनी?" हे बाहेर पडेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा.

गिऱ्हाईक मात्र तिथेच होतं. ते म्हणालं, "काका, खोकल्यावर याचा गुण चांगला येतो म्हणतात." काकांनी त्याच्या हातात सिरप कोंबलं आणि त्याला वाटेला लावलं. दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाटली डोळ्यांजवळ धरली. लेबलवर एका वाड्यासारख्या इमारतीचं चित्र होतं, खाली वळणदार परकी अक्षरं होती, आणि एक साल होतं. ते साल असं होतं की तेव्हा काकांचं दुकान निघालेलं नव्हतं आणि काका रोज सकाळी आरशात बघून भांग पाडत असत. काकांनी बाटली फिरवली, उलटी केली, बुडाशी बोट फिरवलं. माल बनल्याचं साल होतं, पण संपण्याची तारीख कुठेच नव्हती. ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये’ एवढी साधी ओळही नव्हती. माल तयार करणाऱ्याने माल कधी मरतो हे सांगायचंच नाही, ही कुठली रीत, असं काका स्वतःशी पुटपुटले.

तारीख हा काकांचा श्वास होता. जुनं ते टाकायचं, या एका तत्त्वावर त्यांनी दुकान चालवलं आणि संसारही. घरातली पावडर, बुटांचं पॉलिश, डिंकाची बाटली, कशालाही मुदत संपल्यावर त्यांच्या घरात आसरा नव्हता. एकदा तर पाहुणे जेवत असताना त्यांनी पाहुण्यांच्या हातातून सॉसची बाटली काढून घेतली होती आणि ती परत आली नव्हती. इमारतीतली मुलं त्यांना एक्स्पायरीकाका म्हणत. काकांना ते माहीत होतं, आणि मनातून त्यांना ती पदवीच वाटत असे.

आता इथे घड्याळाची गोष्ट सांगून टाकलेली बरी. काकांच्या पन्नाशीला काकूंच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मेहुणीने, त्यांना परदेशी घड्याळ दिलं होतं. काकांनी तोंडभर कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ खरं की नकली हे बघायला ते घड्याळजीकडे नेलं. घड्याळजीने ते उघडलं, शंभर टक्के खरं असल्याचा निर्वाळा दिला, पण पुन्हा बंद करणं काही त्याला जमलं नाही. गोष्ट मेहुणीच्या कानावर गेली. त्या दिवसापासून तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बहिणी फोनवर बोलत, पण आमच्याकडे ऊन आहे, तुमच्याकडे काय, एवढंच. दोन सख्ख्या बहिणींचं हवामान खातं झालं होतं. काकू बोलून दाखवत नसत, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहत. आणि आता साडूंनी मध्ये पडून हा रविवार जमवून आणला होता.

संध्याकाळी बाटली घरी आली तेव्हा काकूंनी ती काकांच्या हातातून घेतली आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवली.

"अहो, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "रविवारी तुम्ही एकच वाक्य बोलायचं. ‘मस्त आहे, साडूभाऊ.’ बस्स. संशय आला तर गिळायचा. माझी बहीण या दारातून पुन्हा रुसून गेली ना, तर मी भांडणारबिंडणार नाही. मी बोलणारच नाही."

 काकूंचं भांडण काकांच्या ओळखीचं होतं, तापासारखं चढतं आणि उतरतं. अबोल्यावर मात्र त्यांच्याकडे कुठल्याच खणात औषध नव्हतं. त्यांनी मान डोलावली. पण मान डोलावतानाच त्यांच्या मनात आलं, की बोलायचं नाही असं ठरलं, बघायचं नाही असं कुठे ठरलं?

काकू भाजी आणायला गेल्यावर त्यांनी टॉर्च लावून कपाटात डोकं घातलं. बाटलीच्या तळाशी गाळ होता. चांगला काळपट, दाट गाळ. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण काका अन्याय करणारे नव्हते. गाळ दिसला की औषध एकतर बिघडलेलं असतं, नाहीतर हलवून घ्यायचं असतं. आरोपीला संशयाचा फायदा द्यावा म्हणून त्यांनी बाटली हलवली. खसाखसा, मनगट दुखेपर्यंत हलवली. गाळ वर आला, फिरला, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर पुन्हा खाली. मग त्यांनी नेम धरला. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी, बाटली हलवायची. शिवाय औषध थंड जागी ठेवावं म्हणून काकू झोपल्या की तिला फ्रीजमध्ये सरकवायची आणि त्या उठायच्या आत पुन्हा चादरींखाली.

घरात बाटली आहे ही बातमी जिन्याने आपोआप चढली आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खाली उतरले. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं या विषयावर वाचन दांडगं होतं.

"उभी ठेवलीत?" त्यांनी विचारलं. "चूक. आडवी ठेवा. बूच ओलं राहिलं पाहिजे. आणि उघडल्यावर लगेच प्यायची नाही. तिला श्वास घेऊ द्यायचा."

"कोणाला?"

"वाइनला. वाइन श्वास घेते."

काकांचा चेहरा उतरला. जे श्वास घेतं ते जिवंत, आणि बाटलीत जे जिवंत असतं त्याला काकांच्या धंद्यात जंतू म्हणतात. त्यांनी तसं बोलून दाखवलं. मुख्याध्यापकांनी तीस-पस्तीस वर्षं न समजणाऱ्या मुलांकडे जसं बघितलं असेल, तसं काकांकडे बघितलं आणि ते वर निघून गेले.

त्यांच्या पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी बाटली आडवी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आडवी? अहो, गळेल! खालच्या मजल्यावर ओल गेली की तक्रार माझ्याकडे." बाटली उभी झाली. मग सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले, "आणि रिकामी बाटली आपल्या इमारतीच्या कचऱ्यात टाकू नका हं. सफाई समितीत विषय निघेल. विषय निघाला की इतिवृत्तात येतो, आणि इतिवृत्तात आलं की ते पुढच्या सभेत मंजूर करावं लागतं. तुमच्या नावापुढे दारू मंजूर झालेली बरी दिसेल का?" नाही, बरी दिसणार नाही, असं काका म्हणाले. सेक्रेटरी गेल्यावर बाटली कशी ठेवायची ते न सुचल्याने त्यांनी ती उशीला तिरपी टेकवून ठेवली.

शेवटी काकांनी ठरवलं, जाणकाराला विचारायचं. जाणकार म्हणजे दारूचं दुकान. काका आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढले, मान खाली घालून. काउंटरवरच्या माणसाने लेबलचा फोटो पाहिला आणि नाक मुरडलं.

"बाप रे, इतकी जुनी? असला माल आम्ही ठेवत नाही साहेब. आपल्याकडे सगळं फ्रेश."

काकांना त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. सगळं फ्रेश! हेच तर ते इतकी वर्षं सांगत होते. नुसतंच विचारून उतरणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी त्याच्याकडची सगळ्यात ताजी लाल वाइन मागितली. आणि दुसरी पिशवी बरोबर नसल्याने खिशातली आपल्याच मेडिकलची कागदी पिशवी काढून त्यात ती घातली. पायऱ्या उतरतात तोच समोर डॉक्टर. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर काकांचं निम्मं दुकान चालत होतं, तेच डॉक्टर. त्यांनी दुकानाची पाटी वाचली, पिशवीवरचं नाव वाचलं, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाले, "काही मनाला लागलं असेल तर येऊन बोला. लाजू नका." काका त्यांना खरं काय ते सांगू लागले, पण जितकं सांगावं तितका डॉक्टरांचा चेहरा अधिक मायाळू होत गेला. घरी येईपर्यंत काकांचे कान गरम होते.

एवढा अपमान सोसल्यावर माघार घेणं शक्यच नव्हतं. काकांनी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेकडे मोर्चा वळवला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सीलबंद आहे का?"

"आहे."

"मग उघडा. सीलबंद नमुना तपासता येत नाही."

"उघडतो."

"उघडाल कसे? उघडा नमुना आम्ही घेत नाही."

काकांनी विचारलं, की मग लोक आणतात तरी कसा? बाई म्हणाल्या, "तीन आणायच्या. एकाच घाण्याच्या, एकाच वेळच्या. एक आम्ही फोडतो, एक जपून ठेवतो, एक तुम्हाला परत." काका म्हणाले, बाटली एकुलती एक आहे. त्यावर बाईंनी खिडकी अर्धी लावली आणि म्हणाल्या, "एकुलत्या एक बाटलीवर एवढा संशय घेऊ नये हो." हे वाक्य तिथे, त्या खिडकीत, त्यांनी का म्हणावं हे काकांना कळलं नाही, पण ते लागलं.

रविवार उजाडला. काकू स्वयंपाकघरात इतक्या आनंदात होत्या की त्यांनी काकांना एकदाही हटकलं नाही. बहिणीला आवडणारी खुर्ची त्यांनी पुसून खिडकीपाशी ठेवली होती. ते पाहून काकांना कसंतरी झालं. ही बाई एवढी सजली आहे, आणि आपण तिच्या बहिणीच्या हातात सडलेला माल देणार? तिची बहीण पोट धरून बसली तर? मग तर कायमचाच अबोला. एका थेंबाने खात्री होईल, आणि कोणाला कळणारही नाही. घरात केमिस्ट कशाला असतो!

काकूंना काहीतरी थातुरमातुर सांगून ते बाटलीसकट दुकानात गेले, शटर अर्धं ओढलं आणि सगळ्यात लांब सुई सिरिंजला लावली. इंजेक्शनच्या कुपीच्या रबरी बुचातून औषध काढतात, तसं वाइनच्या बुचातून चमचाभर काढायचं. बूच जिथल्या तिथे, सुईचं छिद्र कोणाच्या बापाला दिसायचं नाही. बेत उत्तम होता. फक्त रबर आणि म्हातारं लाकूड यातला फरक काकांच्या लक्षात आला नव्हता. सुई निम्मी गेली आणि अडली. काकांनी जोर लावला. बुचाने एक सुस्कारा सोडला, आणि त्याचा भुगा होऊन निम्मा भाग आत पडला.

 मग जे व्हायचं ते झालंच आहे तर निदान निकाल तरी लावावा म्हणून त्यांनी औषधाच्या मापात थोडी वाइन ओतली आणि तोंडात घेतली. सकाळीच हलवलेली, फ्रीजमधली गार, गाळाने गढूळ झालेली ती वाइन जिभेला लागली मात्र, काकांचे दोन्ही गाल आतून एकमेकांना चिकटले. कडू, तुरट, वर बुचाचा भुसा. त्यांना एवढा आनंद झाला की विचारू नका. म्हणजे आपलं बरोबर होतं! इतक्या वर्षांची नजर चुकत नाही!

पण बरोबर असून उपयोग काय? बोलायची तर बंदी होती. मग काकांना तोड सुचली, आणि ती इतकी सोपी होती की त्यांनी स्वतःच्याच पाठीवर हात फिरवायचा प्रयत्न केला. कोणाचा अपमान नको आणि कोणाचं पोटही बिघडायला नको. फ्रेंच बाटली रिकामी करायची, आणि तिच्यात ती ताजी वाइन भरायची. साडू खूश, मेहुणी खूश, काकू खूश.

जुन्या वाइनचं काय करायचं? मुदत संपलेलं औषध मोरीत ओतायचं नाही, हा काकांचा नियम. ते वेगळं भरून, चिठ्ठी लावून, मग रीतसर नष्ट करायचं. त्यांनी नरसाळ्यात फिल्टर पेपर घातला, खाली रुंद तोंडाचं काचेचं भांडं ठेवलं आणि वाइन गाळायला लावली. ती थेंब थेंब पडत राहिली. दुपारचं ऊन शटरखालून आत आलं आणि सरकत सरकत गेलं, तरी ती पडतच होती. गाळ कागदावर राहिला, भुसा कागदावर राहिला, आणि भांड्यात जे साचलं ते काकांनी दुकानातल्या तपकिरी बाटल्यांमध्ये भरलं. ‘विष’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. तेव्हा त्यांनी त्यातल्या त्यात जवळची चिठ्ठी चिकटवली, ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. मग दुकानात ठेवलेली ताजी वाइन फ्रेंच बाटलीत ओतली, आणि नष्ट करेपर्यंत नजरेसमोर असाव्यात म्हणून तपकिरी बाटल्याही घरी आणल्या.

संध्याकाळी बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. दोघी बहिणी दारातच उभ्या राहिल्या. कोणी आधी बोलावं हे ठरेना.

"आमच्याकडे आज ऊन होतं," मेहुणी म्हणाली.

"इथेही होतं," काकू म्हणाल्या. मेहुणी आत आली, पण खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीवर न बसता, परक्या घरी बसतात तशी सोफ्याच्या कडेवर टेकली. पर्सही तिने मांडीवरच ठेवली.

जेवणाआधी साडूंनी हात चोळले. "हं, काढा आता आपली बाटली!"

"मी उघडूनच ठेवलीय," काका म्हणाले. "श्वास घ्यायला." मुख्याध्यापकांचं वाचन असं कामी आलं. साडूंनी कौतुकाने मान हलवली, ग्लास भरले, एक छोटंसं भाषण केलं, जुन्या गोष्टी विसरू या वगैरे, आणि घोट घेतला.

घोट तोंडात गेला तशी साडूंची मान हलायची थांबली. मेहुणीनेही घेतला. तिने ग्लास खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मस्त आहे, साडूभाऊ!" काका मोठ्याने म्हणाले. ठरलेलं वाक्य ठरल्या वेळी पडलं. पण टाळ्या काही पडल्या नाहीत.

तेवढ्यात काकूंनी हाक मारली. "अहो, तुमच्या दुकानाच्या बाटल्या ओट्यावर काय करताहेत? उचला आधी." काका स्वयंपाकघरात गेले. एका बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. त्यांनी ते घट्ट करायला हातात घेतलं आणि थांबले. वास येत होता. काका वास ओळखण्यात पटाईत, पण हा त्यांना ओळखता येईना. पिकून काळ्या पडलेल्या फळांचा म्हणावा, तर त्यामागून जुन्या लाकडी कपाटाचा येई. कपाट म्हणावं, तर नव्या चामड्याच्या पाकिटाचा. काकांनी दाराकडे बघितलं. झाकणभर ओतली आणि घेतली.

पहिल्या घोटाला त्यांनी स्वतःच्या जिभेवर संशय घेतला. दुसरा घोट पहिल्यावरचा संशय फेडायला घेतला. तिसऱ्याला मात्र काही कारण नव्हतं. सकाळचा कडवटपणा गेला होता, तुरटपणा मऊ होऊन घशातून खाली उतरत होता, आणि घोट संपल्यावरही काहीतरी तोंडात रेंगाळत राहत होतं. काका ओट्याला टेकले. इतकी वर्षं या पृथ्वीवर काढून एखादी गोष्ट अशी होऊ शकते, जुनी झाली म्हणून वाईट न होता जुनी झाली म्हणूनच अशी होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ही इथे आहे, म्हणजे तिकडे टेबलावर काय आहे?

बाहेरून मेहुणीचा दबका आवाज आला. "सांगत होते मी तुम्हाला, देऊ नका म्हणून. इथे येऊन पुन्हा नाक कापून घेतलंत. आता बघा, भाऊजी जन्मभर सांगत फिरतील." साडू काहीतरी पुटपुटले. मग सोफा करकरला. "ताई, आम्ही निघतो गं," मेहुणी म्हणाली. "बाटली खराब निघाली. भाऊजी चांगुलपणाने बोलले नाहीत, पण कळतं आम्हाला."

काका दारात आले. साडूंची मान खाली होती. काकू हातात वाढायचा चमचा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा फोन ठेवल्यावर व्हायचा तसा झाला होता. काकांना नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर चांगुलपणाही त्यांचाच आणि जीतही त्यांचीच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा संशय सगळ्या घराने मान्य केला होता. मोह मोठा होता, आणि काका काही संत नव्हते. त्यांनी एकदा काकूंच्या हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"बसा," ते म्हणाले. "बाटलीत आहे ती तुमची वाइन नव्हेच. ती मी दुकानातून आणलीय. तुमची आत आहे."

मग सुई, बूच, भुगा, फिल्टर पेपर, सगळं बाहेर पडलं. बोलता बोलता त्यांनी तपकिरी बाटल्या टेबलावर आणून मांडल्या.  साडूंनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवली, चिठ्ठी वाचली, हुंगली, आणि काकांसमोर ठेवली.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "आधी तुम्ही घ्या."

"मी कशाला?"

"नाही, घ्याच."

काकांनी औषधाच्या मापात ओतली आणि सगळ्यांच्या देखत घेतली. तिघं त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले, की हा पडतो की राहतो. आपल्याकडे असं बघितलं जाणं म्हणजे काय असतं, हे काकांना आज कळलं, आणि ते फारसं सुखाचं नसतं. पण पडायचं सोडून ते हसायला लागले. तेव्हा साडूंनी घेतली. साडूंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"खरं सांगू का?" डोळे मिटूनच ते म्हणाले. "मलाही शंका होती. ऑफिसातल्या साहेबांनी दिलेली बाटली, इतकी जुनी. घरी उघडायची छाती होईना. म्हटलं, तुमच्याकडे नेऊन द्यावी. तुम्ही तपासल्याशिवाय काही आमच्या तोंडाला लावू देणार नाही."

 काकांच्या संशयावर कोणी इतका भरवसा टाकला असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काकूंनी मापातून घेतली, मग मेहुणीने. मेहुणीने माप पुढे केलं, अजून. काकूंनीही केलं. बाटल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या, आणि शेवटची उलटी करून काका घाईघाईने म्हणाले, "झालं. संपली."

मेहुणीने टेबलावरच्या छोट्या बाटल्यांकडे पाहिलं. मग मोठ्या फ्रेंच बाटलीकडे. मग काकांच्या तोंडाकडे, आणि तिचे डोळे बारीक झाले.

"एवढ्या मोठ्या बाटलीतून एवढीच?"

"गाळ फार होता," काका म्हणाले.

"भाऊजी."

"बाष्पीभवनही होतं गं."

मेहुणी उठली. पर्स सोफ्यावर फेकून ती तडक स्वयंपाकघरात घुसली. ओट्यावरचे डबे सरकल्याचा आवाज आला, वरच्या कपाटाची दारं उघडली, खालच्या कपाटाची उघडली, फ्रीज उघडला. "कुठे दडवलीत? सांगा बरं मुकाट्याने! ताई, हा पिठाचा डबा इथे का हलवलास गं, आधी त्या बाजूला होता ना? भाऊजी, तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, सांगून ठेवते!"

काका उठायला लागले, तोच काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "शोधू दे तिला," त्या म्हणाल्या. "सगळी कपाटं बघू दे." आत भांडी आपटत होती, आणि काकू मान तिकडे वळवून ऐकत बसल्या होत्या.